देवाला न चालणारं फूल

“साम्राज्यं येतात आणि जातात, पण हे फूल राहतं,” वाफ्यापाशी उकिडवे बसलेले हंबीरराव पायगुडे म्हणाले, आणि त्यांना शिंक आली.

शिंक घराण्याला शोभेल अशी होती. तळहातावरचं निम्मं बी तिच्याबरोबर उडालं आणि फाटकाच्या दिशेनं गेलं. बी मोठं गमतीदार होतं. एकेक दाणा म्हणजे मुंगीनं दाढी करायचं ठरवलं तर तिला पुरेल एवढा ब्रश. खाली करडी मूठ, वर ताठ केसांचा झुबका. वाऱ्यावर जायला त्याला शिंकेचीही गरज नव्हती, पण मिळाली ती त्यानं सोडली नाही.

पायरीवर मेथी निवडत बसलेल्या वसुंधराबाईंनी मान वर केली.

“गेलं का साम्राज्य?”

उरलेलं बी हंबीररावांनी वाफ्यात बोटभर अंतरानं पेरलं, वर माती ओढली आणि झारीनं पाणी घातलं. वाफा त्यांनी पंधरा दिवस खपून केला होता. त्यात शेणखत होतं, निंबोळीची पेंड होती, मासळीखत होतं आणि माळ्यानं “साहेब, बस करो, आ तो लग्ननुं जमण थई गयुं” असं म्हणून त्याला लग्नाचं जेवण ठरवल्यावरही घातलेली आणखी एक टोपली होती.

हे एकोणीसशे शहाण्णवच्या ऑक्टोबरातलं. बियांचं पाकीट हॉलंडचं होतं. समरजितनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, ते बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका नव्या दुकानातून आणलं होतं. तो तिथेच शेजारी कॉम्प्युटर विकायचा. त्या दुकानात तेव्हा परदेशी साबण, परदेशी चॉकलेट आणि परदेशी बी एकाच फळीवर मिळायचं, आणि देश नेमका कशासाठी खुला झाला याबद्दल गिऱ्हाइकांचा गोंधळ व्हायचा. समरजितला घ्यायचं होतं चॉकलेट. पाकिटावरचं निळं फूल बघून त्याला घरातली भिंत आठवली, एवढाच त्याचा अपराध.

भिंत दिवाणखान्यातली. तिच्यावर काचेच्या चौकटीत एक तपकिरी वस्तू होती. पाहुणे पहिल्यांदा आले की चहा येईपर्यंत तिच्याकडे बघत आणि चहा आल्यावर विचारत, हे काय आहे. मग चहा गार होई.

ते हंबीररावांच्या आजोबांचं फूल होतं. आजोबा श्रीपतराव बडोद्याच्या रिसाल्यात होते. पंचाऐंशी वर्षांपूर्वी महाराजांची स्वारी विलायतेला गेली तेव्हा तेही गेले. सामानावर पहारा करायला. हा शेवटचा तपशील हंबीरराव हळू आवाजात सांगत. जर्मनीत म्हणे तिथल्या राणीसाहेबांची नजर या उंच, मिशाळ मराठ्यावर पडली, आणि त्यांनी आपल्या बागेतलं एक निळं फूल स्वहस्ते तोडून श्रीपतरावांच्या कोटाला लावलं. श्रीपतरावांनी ते तंबाखूच्या डबीत घालून बडोद्याला आणलं. घरात त्याला राणीफूल म्हणत. पायगुडे म्हणत, एवढंच. लग्न होऊन आलेल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या त्याला वाळका झेंडू समजत.

हंबीरराव स्वतः रेल्वेच्या भांडार खात्यातून निवृत्त झाले होते. पणजोबांच्या हाताखाली घोडे होते, आजोबांच्या ताब्यात पेट्या होत्या, यांच्या ताब्यात नटबोल्ट आले. घराण्याचा प्रवास कोणत्या दिशेनं चालला आहे हे त्यांना दिसत होतं, म्हणूनच चौकट ते दर शनिवारी स्वतः पुसत.

आणि आता दिवाणखान्यात एकोणतीस इंची टीव्ही यायचा होता. टीव्हीसाठी भिंतभर कपाट करायचं होतं. सुतार मापं घेऊन गेला होता. त्याच्या कागदावर चौकटीच्या जागी लिहिलं होतं, “स्पीकर”.

“चौकट माळ्यावर नीट ठेवू, आबा,” समरजित म्हणाला होता. “प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून.”

“राणीचं फूल माळ्यावर?”

“अहो, झेंडू आहे तो,” वसुंधराबाई म्हणाल्या. “तेहतीस वर्षं गप्प बसले. आता टीव्ही येतोय म्हणून बोलते.”

तेव्हा हंबीररावांनी पाकीट समोर धरलं, भिंग काढलं आणि दोघांना चौकटीपाशी उभं केलं. फुलाखाली देठाशी असते ती खवल्याखवल्यांची वाटी बघा, ते म्हणाले. पाकिटावर तीच, इथेही तीच. दोघांनी पाहिलं. वाळल्यावर सगळंच सारखं दिसतं, वसुंधराबाई म्हणाल्या, माणसंसुद्धा.

शेवटी तह झाला. कमाटी बागेत फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी फुलांचं प्रदर्शन असतं. त्यात ‘विरळा हंगामी फुलं’ या विभागात हंबीररावांनी याच फुलाचे बारा देठ मांडायचे, शेजारी चौकट ठेवायची. जाणकारांनी दोन्ही फुलं एकच म्हटली तर चौकट भिंतीवर राहील आणि स्पीकर दुसरीकडे जाईल. नाही म्हटलं, किंवा बारा देठ जमलेच नाहीत, तर सुताराला बोलवायचं.

हंबीररावांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज भरला आणि सोसायटीतल्या अठ्ठावीस बंगल्यांना तो वाचून दाखवला.

वाफ्यातली रोपं उत्तम उगवली. दिवाळीत ती वीतभर होती, डिसेंबरात हातभर, आणि त्यानंतर लग्नाच्या जेवणानंतर माणसं जशी गादीवर आडवी होतात तशी ती आडवी झाली. पानं लुसलुशीत, कळी एक नाही. हंबीररावांनी काठ्या रोवल्या, सुतळ्या बांधल्या. रोपं काठीला टेकून झोपली.

फाटकाशी मात्र निराळंच चाललं होतं. तिथे मुरूम होता, विटांचे तुकडे होते, दूधवाल्याची सायकल रोज टेकायची. शिंकेनं गेलेलं बी त्याच्या चाकाखाली दाबलं गेलं असावं. जानेवारीत तिथे अकरा काटकुळी, राखी रंगाची रोपं ताठ उभी होती, आणि प्रत्येकावर कळ्या होत्या. ज्याला कोणी विचारलं नाही ते असं वागतं, हे हंबीररावांनी नोकरीतही पाहिलं होतं. पण फाटकाजवळची रोपं आपणच मुद्दाम तिथे पेरली असं त्यांनी दुसऱ्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.

पहिलं फूल सव्वीस जानेवारीला उमललं. निळं म्हणजे किती निळं, याला बडोद्यात उपमा नव्हती. गोकर्णीत जांभळं असतं, आकाशात धूळ असते. हे नुसतं निळं होतं. बाहेरच्या कडेनं छोट्या तुताऱ्या गोल मांडल्यासारख्या, मधे जांभळट तुरा. हंबीरराव अर्धा तास पाहत उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी वसुंधराबाईंना बाहेर आणलं.

“तिकडे प्रेमात पडलेले तरुण हे कोटाला लावायचे,” ते म्हणाले. “दिवसभर टवटवीत राहिलं तर मुलगी हो म्हणणार. कोमेजलं तर नाही.”

“आपल्या लग्नात तुमच्या कोटाला गुलाब होता.”

“मग? टिकला की नाही?”

“कागदाचा होता,” वसुंधराबाई म्हणाल्या. पण त्या लगेच आत गेल्या नाहीत, थोडा वेळ उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फूल नव्हतं. मानेशी खुडलेला देठ तेवढा होता. त्या दिवशी तीन उमलली. पुढच्या सकाळी तिन्ही नव्हती. हंबीररावांनी गाईवर संशय घेतला, पोपटांवर घेतला, आणि निजामपुऱ्यात राहणाऱ्या एका प्रतिस्पर्धी शेवंतीवाल्यावरही घेऊन पाहिला. चार दिवसांनी पहाटे साडेपाचला ते कानटोपी घालून खिडकीच्या पडद्याआड उभे राहिले.

पावणेसहाला फाटक करकरलं. शाल पांघरलेल्या मंदाकिनीबाई उपासनी आत आल्या. हातात वेताची परडी. त्यांनी अकरा रोपांवरून सावकाश नजर फिरवली, पूर्ण उमललेली पाच फुलं दोन बोटांनी टिचकी मारल्यासारखी खुडली, कळ्यांना हात लावला नाही, प्रत्येक रोपाला पदराचा स्पर्श होऊ नये म्हणून पदर आवरला आणि फाटक ओढून घेऊन गेल्या.

हंबीरराव पडद्याआडच राहिले. त्यांच्या घराण्यानं तोफा पाहिल्या होत्या. पण मंदाकिनीबाई तीन घरं सोडून राहत, शाळेत बत्तीस वर्षं संस्कृत शिकवत, आणि समरजितला दहावीच्या परीक्षेत त्यांनीच पार नेलं होतं. शिवाय देवासाठी फुलं तोडणाऱ्या बाईला टोकणं हे कुठल्याच मराठी घरात आजवर कोणाला जमलेलं नाही. तुमच्या झाडाची फुलं शेजाऱ्याच्या देवाला जातात, आणि तुमचा देव पलीकडच्या गल्लीतल्या जास्वंदीवर असतो. ही व्यवस्था सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी तिच्याबद्दल बोलत नाही.

तेव्हा हंबीररावांनी सरळ लढाई टाळून गनिमी कावा केला. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून त्यांनी फाटकाशी पाटी रोवली: ‘सूचना. सदर फूल परदेशी असून देवपूजेस शास्त्रानुसार वर्ज्य आहे.’

संध्याकाळी मंदाकिनीबाई फिरायला निघाल्या तेव्हा ते योगायोगानं फाटकाला टेकून उभे होते.

बाईंनी चष्मा लावून पाटी वाचली. बत्तीस वर्षं वह्या तपासल्याची सवय, दोनदा वाचली.

“कुठल्या शास्त्रानुसार, हंबीरराव?”

“म्हणजे, बघा बाई. गणपतीला तुळस चालत नाही. शंकराला केवडा चालत नाही. तसं हे.”

“हे कोणाला चालत नाही?”

“बाळकृष्णाला,” हंबीरराव म्हणाले. बाईंच्या घरी बाळकृष्ण आहे हे त्यांना माहीत होतं.

“आणि हे कोणी लिहून ठेवलंय?”

हंबीररावांनी क्षणभर रस्त्याकडे पाहिलं.

“जर्मन लोकांनी.”

मंदाकिनीबाईंनी चष्मा काढून डबीत ठेवला. डबी मिटल्याचा आवाज जरा मोठा वाटला.

“बरं,” त्या म्हणाल्या आणि फिरायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी फाटक करकरलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाच फेब्रुवारीपर्यंत अकरा रोपांवर चौदा फुलं एकाच वेळी उभी होती. हंबीररावांनी अठ्ठावीस बंगल्यांना बोलावलं. मिसर देशातल्या एका तरुण राजाच्या थडग्यात याच फुलांचा हार सापडला हे सांगितलं. ग्रीक लोकांत अर्धा माणूस आणि अर्धा घोडा असा एक वैद्य होऊन गेला, तो यानं जखमा बऱ्या करायचा, हेही सांगितलं; घोड्याचा भाग सांगताना त्यांचा आवाज किंचित भरून आला. सुतार भेटला तेव्हा त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

फुलांना कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता. ती आपल्या वेळी उमलतील, आपल्या वेळी मिटतील.

ती मिटली. आठवड्याभरात चौदांपैकी दहा फुलांचा निळा रंग विटून गेला आणि खालची वाटी फुगली. नव्या कळ्या येणं थांबलं. पानं बुडापासून पिवळी पडू लागली. रोपांकडे बघून असं वाटत होतं की त्यांचं काम झालं आहे आणि ती आता पेन्शनीत आहेत. हंबीररावांनी पाणी वाढवलं, कमी केलं. वाफ्यातलं खत उकरून आणून घालायला निघाले तेव्हा माळ्यानं टोपलीच धरून ठेवली.

“देवाची फुलं बंद केलीत,” वसुंधराबाई म्हणाल्या. “वर देवाच्या नावानं खोटं लिहिलंत. झाड रुसणारच.”

हंबीररावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण प्रदर्शनाला दहा दिवस उरले होते, आणि विश्वास नसणं हे त्या दहा दिवसांत परवडणारं नव्हतं.

त्या रात्री जेवताना त्यांनी पाकीट समरजितपुढे टाकलं. मागच्या बाजूला चार भाषांत बारीक छापलं होतं. समरजितनं भिंग घेतलं.

“थेट जमिनीत पेरा. खत घालू नका.”

वसुंधराबाईंनी आमटी वाढली.

“ऊन हवं. हलकी जमीन चालते. आणि फुलं सारखी तोडत राहा. तोडली नाहीत तर रोप बी धरतं आणि बहर संपतो. जितकी तोडाल तितकी येतील.” समरजितनं भिंग खाली ठेवलं. “आबा, ती पाटी काढा.”

हंबीररावांचा घास तसाच राहिला. पहिल्या दिवशी एक. मग तीन. मग पाच. त्यांना वाटत होतं की झाडं चोरी सोसून वाढताहेत.

सकाळी ते कात्री घेऊन रोपांपाशी गेले. विटलेली फुलं कापायची होती, पण समोर आलं की प्रत्येक फूल त्यांना जरा बरं दिसू लागे. पाऊण तासात त्यांनी तीन कापली. त्यातल्या दोन कळ्या होत्या. वसुंधराबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मी नाही बाई. माझ्या हातून एक चुकीचं तुटलं तर पुढची तेहतीस वर्षं ऐकवाल.”

त्याच दिवशी चार वाजता हंबीरराव इस्त्रीचा सदरा घालून मंदाकिनीबाईंकडे गेले. कोपऱ्यापर्यंत जाऊन एकदा परत आले, पाटी उपटून गॅरेजमध्ये ठेवली आणि पुन्हा निघाले.

बाईंनी त्यांना बसवलं, चहा टाकला, कपाळाला आठी घातली नाही. खोलीच्या कोपऱ्यात देवघर होतं. बाळकृष्णापुढे आज पांढरी तगर होती. टेबलावर जुन्या इंग्रजी कोशाचा एक जाडजूड खंड उघडा होता, आणि त्यात खूण म्हणून बसचं तिकीट.

हंबीररावांनी भाषण तयार केलं होतं. त्याची सुरुवात मिसर देशापासून होती. ते थडग्यापर्यंत पोचले, तिथून ग्रीसला आले, घोडा आला, जर्मनी आली, राणी आली, मिशा आल्या. बाई ऐकत होत्या.

“मीही वाचलं,” त्या म्हणाल्या. “तुमची पाटी पाहिली त्या रात्रीच सासऱ्यांचा कोश काढला. म्हटलं, बाळकृष्णाला इतके दिवस काय वाहत होते ते तरी कळू दे.”

“मग?”

“राणी खरी आहे. प्रशियाची. शत्रू मागे लागला तेव्हा मुलांना घेऊन शेतात लपली, आणि पोरं रडू नयेत म्हणून त्यांना या फुलांचे हार करून देत बसली, अशी गोष्ट सांगतात.”

हंबीरराव खुर्चीत सरळ झाले. “बघा.”

“तुमचे आजोबा विलायतेला गेले कधी?”

“एकोणीसशे अकरा.”

“राणी देवाघरी गेली अठराशे दहाला.”

स्वयंपाकघरात चहा उतू जाईल असा आवाज आला. बाई उठल्या, गॅस बंद केला, दोन कप घेऊन आल्या. हंबीरराव ज्या जागी होते त्याच जागी होते. फक्त सरळ नव्हते.

“आणि बागेत ते लावतच नसत फारसं,” बाई म्हणाल्या, पण आवाज मऊ केला. “गव्हातलं तण आहे ते तिकडे. शेतकरी शिव्या देतात. देठ इतका चिवट की विळ्याची धार जाते. रस्त्याच्या कडेनं, रुळांच्या कडेनं, कुठेही उगवतं.”

“तण,” हंबीरराव म्हणाले.

“चहा घ्या.”

त्यांनी चहा घेतला. साखर जास्त होती की कमी, हे त्यांना सांगता आलं नसतं. पायगुड्यांच्या चार पिढ्या त्या कपात बुडाल्यासारखं ते पाहत होते.

“तण होतं म्हणूनच मिळालं असेल ना, हंबीरराव. राणीच्या बागेतलं फूल कोणी सामानावरच्या शिपायाला तोडू दिलं असतं? गाडी थांबली असेल कुठेतरी. पेट्या मोजून झाल्या असतील. समोर गव्हाचं शेत आणि त्यात हे इतकं निळं. उतरले असतील आणि खुडलं असेल. घरी दाखवायला.”

मिशांना राणीची नजर लागलेले श्रीपतराव हंबीररावांनी जन्मभर पाहिले होते. पण इकडे तिकडे बघून, कोणी पाहत नाही असं पाहून, वाकलेले श्रीपतराव त्यांना आत्ताच पहिल्यांदा दिसत होते, आणि ते ओळखीचे वाटत होते.

“पण ते हेच होतं कशावरून,” ते म्हणाले. “घरचे झेंडू म्हणतात.”

बाईंनी देवघराखालच्या टोपलीकडे बोट केलं. “ते बघा.”

टोपलीत निर्माल्य होतं. पूर्वी त्या ते विश्वामित्री नदीत सोडत, पण पुलावर उभं राहिलं की खालून मगरी फार आशेनं बघतात, म्हणून आता महिन्याचं साठवून आळ्यात पुरत. वर सुकलेली तगर होती. खाली जानेवारीतली फुलं. काही अजून निळी होती. पण पंचामृतात भिजून वाळलेली होती ती तपकिरी, चपटी, कडेनं विरलेली. खाली देठाशी खवल्याखवल्यांची वाटी, आणि प्रत्येक खवल्याच्या काठाला बारीक झालर.

हंबीररावांना भिंगाची गरज पडली नाही. वर्षानुवर्षं दर शनिवारी पुसलेल्या काचेमागचा चेहरा होता तो. टोपलीत त्याची सात-आठ भावंडं पडली होती.

निर्माल्य परत घरी नेत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. बाई त्याच वेळी खिडकीकडे वळून पडदा नीट करू लागल्या. पडदा नीटच होता. त्या पुन्हा वळल्या तेव्हा हंबीरराव जागेवर बसले होते आणि त्यांच्या सदऱ्याचा वरचा खिसा किंचित फुगला होता.

“बाई, एक चुकलं माझं,” ते म्हणाले. “ते शास्त्र जर्मन नव्हतं.”

“असं?”

“माझंच होतं.”

“मला वाटलंच. विभक्ती तुमची होती.”

“तुम्ही पुन्हा येत जा. उद्यापासून. रोज.” मग त्यांनी सगळं सांगितलं, कळ्या, कात्री, पाकिटावरचा बारीक मजकूर, सुतार आणि स्पीकर. “फक्त देठ जरा लांब तोडा, खालच्या पानापर्यंत. तिथून नवा फुटवा येतो म्हणे. आणि शेवटचे दोन दिवस बारा तेवढी सोडा.”

मंदाकिनीबाईंनी कप खाली ठेवला आणि त्या विचारात पडल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी नाराजी दिसली.

“परवानगी देऊन पंचाईत केलीत तुम्ही.”

“का?”

“आमच्या सासूबाई सांगायच्या, मागून आणलेल्या फुलाचं अर्धं पुण्य झाडाच्या मालकाला जातं. न विचारता आणलं तर सगळं आपलं. एवढी वर्षं पहाटे उठते ती काय अर्ध्यासाठी?”

हंबीररावांनी यावर गंभीरपणे विचार केला. रेल्वेच्या भांडारात असताना असे पेच त्यांनी सोडवले होते. माल आहेही आणि नाहीही.

“मग असं समजा, की मी आज आलोच नाही.”

“पाटी?”

“ती वाऱ्यानं पडली.”

“आणि पहाटे खिडकीत कानटोपी दिसते ती?”

हंबीररावांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. “ती नाही दिसणार.”

बाईंनी मान डोलावली. कोश मिटला, बसचं तिकीट काढून घेतलं. हंबीरराव उठले, एका हातानं खिसा सांभाळत दारापर्यंत आले. घराण्याचा इतिहास आता नव्यानं सांगावा लागणार होता. तो कसा सुरू करावा याची वाक्यं त्यांच्या मनात जुळूही लागली होती. गाडी थांबली. समोर गहू. मोठं काहीतरी बोलून निरोप घ्यावा म्हणून ते उंबऱ्यावर वळले.

“बाई, साम्राज्यं येतात आणि...”

“हंबीरराव,” मंदाकिनीबाई म्हणाल्या, “त्या फाटकाला तेवढं तेल घाला. फार करकरतं.”